नौदल असताना तटरक्षक दल वेगळं कशाला?

वारजेकर

सरळ प्रश्न विचारतो. आपल्याकडे एवढं मोठं नौदल आहे. मग तटरक्षक दल हे वेगळं प्रकरण कशासाठी? वेगळा गणवेश, वेगळी जहाजं, वेगळी भरती, वेगळे हुद्दे. खर्च डबल नाही का? शिवाय किनाऱ्यावर सागरी पोलीस आहेत, कस्टम्स आहे, मत्स्य खातं आहे. एकाच समुद्राला इतके मालक!

पार्श्वभूमी अशी, की भाचीला (मेकॅनिकल, शेवटचं वर्ष) तटरक्षक दलातल्या असिस्टंट कमांडंटची (अधिकारीपदाची) परीक्षा द्यायची आहे. ताई-भावजींचं म्हणणं, जायचंच तर नेव्हीत जा, हे दुय्यम काम कशाला. मी मामा म्हणून मध्यस्थीला गेलो आणि माझीच पाटी कोरी निघाली. आमचा समुद्राशी संबंध दिवेआगरच्या सुरूच्या बनापुरता. माहिती, अनुभव, मतं, सगळं चालेल. भरतीबद्दलही लिहा.

चकलीची_भाजणी

रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

मिसळसम्राट

पुण्यात शाखा निघणार असेल तर सांगा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आमच्या नदीपात्रातल्या रस्त्याला तटही राहत नाही आणि रक्षकही.

सरळमार्गी

सोपं आहे हो. नौदल म्हणजे सैन्य, तटरक्षक म्हणजे सोसायटीचा वॉचमन. गेटवर नाव लिहून घेणार, काही झालं तर शिट्टी वाजवणार आणि सैन्याला बोलावणार. ताई-भावजींचं बरोबर आहे.

पांढरी_बोट

सरळमार्गी, मी या दलातून प्रधान अधिकारी म्हणून निवृत्त झालोय, सध्या मुक्काम विश्रांतवाडी. राग आला नाही, पण शिट्टी कधी वाजवली नाही एवढं नमूद करतो. सवडीने लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

मिसळसम्राट

सरळमार्गी, पळा!

जुनी_बखर

'कशासाठी' याचं उत्तर १९६० आणि ७० च्या दशकात आहे, म्हणून थोडं मागे जाऊ या.

त्या काळात आखाती देशांतून येणारी सोन्याची चोरटी आयात हा पश्चिम किनाऱ्यावरचा उघड धंदा होता. गलबतं रात्री खाड्यांच्या तोंडाशी लागायची. कस्टम्सकडे तुटपुंज्या बोटी, त्याही तस्करांच्या बोटींपेक्षा हळू. नौदलाला सांगावं तर युद्धनौका होड्यांमागे पळवणं महागाचं, आणि नौदलाचं मूळ काम बाजूला पडतं ते वेगळंच. तरी नौदलातूनच ही मागणी लावून धरली गेली, की हे काम करणारी स्वतंत्र संघटना हवी.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. १९७४ साली 'सागर सम्राट' या तेलविहिरी खणणाऱ्या जहाजाने बॉम्बे हाय इथे तेल शोधलं. म्हणजे मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर, भर समुद्रात, लोखंडी फलाटांवर देशाची संपत्ती उभी राहणार. आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तळाखालच्या खनिजांवर आपण हक्क सांगितला. हे क्षेत्र जवळपास २० लाख चौरस किलोमीटर. हक्क सांगितला की राखायला माणूस लागतो.

१९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, जन्म कामठीचा. समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. पुढे वाद असा, की दल गृहखात्याकडे द्यायचं की संरक्षण खात्याकडे. इंदिरा गांधींनी संरक्षणाच्या बाजूने कौल दिला. १ फेब्रुवारी १९७७ ला तात्पुरती स्थापना झाली. नौदलाने काढून दिलेल्या 'कृपाण' आणि 'कुठार' या दोन जुन्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि पाच छोट्या गस्ती नौका एवढ्यावर संसार मांडला. पहिले महासंचालक व्हाइस अॅडमिरल व्ही. ए. कामथ. पुढे १९७८ चा कायदा आला आणि १९ ऑगस्ट १९७८ ला पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं.

आता गंमत बघा. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणणारे अर्थमंत्री कोण? मोरारजीभाईच. १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायचे नाहीत म्हणून फतवा काढला, चोरट्या सोन्याचा भाव वाढला, आणि पंधरा वर्षांनी ती तस्करी रोखणाऱ्या दलाची फीतही त्यांनीच कापली.

लक्ष्मी_रोड

बखरकाका, ही जखम आमच्या घरात अजून ओली आहे. आजोबा कारागीर होते, पेढीवर दागिने घडवायचे. १४ कॅरेटच्या फतव्यानंतर काम बंद. दोन वर्षं उदबत्त्या विकल्या आणि शेवटी एका प्रेसमध्ये लागले. आजी मोरारजींचं नाव निघालं की अजूनही पदर खोचते. तस्करीमुळे तटरक्षक दल निघालं हे ऐकून होते, पण या दोन टोकांची गाठ कधी मारली नव्हती.

सरळमार्गी

इतिहास छान. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. नौदलातच 'किनारा विभाग' काढला असता तर? वेगळं दल, वेगळं मुख्यालय, वेगळे महासंचालक, म्हणजे खुर्च्या वाढल्या.

कायद्याचं_बोला

वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात असते. सरळमार्गींच्या मुद्द्याला माझ्या बाजूने उत्तर.

युद्धनौका हा सार्वभौम देशाचा शस्त्रधारी हात. शेजारी देशाची मासेमारी बोट आपल्या हद्दीत आली आणि तिला युद्धनौकेने अडवलं, तर ती लष्करी घटना होते, दुसऱ्या दिवशी राजदूताला बोलावणं जातं. तेच तटरक्षक दलाच्या पांढऱ्या जहाजाने अडवलं तर ती पोलिसी कारवाई. शिवाय झडती, जप्ती, अटक हे अधिकार लागतात. परदेशी बोटींच्या मासेमारीवरचा १९८१ चा कायदा, कस्टम्सचा कायदा, यांखालचे अधिकार तटरक्षक अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. १९७८ च्या कायद्यातली कर्तव्यांची यादी वाचा: समुद्रातल्या तेलफलाटांचं संरक्षण, संकटातल्या मच्छीमारांना मदत, सागरी प्रदूषण रोखणं, कस्टम्सला साहाय्य, समुद्रावर जीवित आणि मालमत्तेची सुरक्षा. यात लढाई कुठे आहे? दल संरक्षण खात्याचं, पण काम बव्हंशी नागरी.

आणि पकडल्यावर खटला मात्र ते चालवत नाहीत. आरोपी आणि माल पोलीस, कस्टम्स किंवा अमली पदार्थ विभागाच्या ताब्यात देतात. खरा घोळ तिथून पुढे. 'अलोंड्रा रेनबो' कुणाला आठवतंय?

जुनी_बखर

अलोंड्रा रेनबो! लिहा लिहा, तुम्हीच लिहा.

कायद्याचं_बोला

ऑक्टोबर १९९९. जपानी मालकीचं नवं कोरं जहाज, पोटात ७००० टन अॅल्युमिनियम, इंडोनेशियातून जपानला निघालं आणि चाच्यांनी पळवलं. मूळच्या १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. त्यांना पुढे थायलंडच्या मच्छीमारांनी उचललं, सगळे जिवंत. इकडे चाच्यांनी जहाज रंगवलं, नाव बदलून 'मेगा रामा' केलं, झेंडा बदलला आणि अरबी समुद्रात आणलं. दरोडेखोर गाडीची नंबरप्लेट बदलतात, यांनी अख्खं जहाज बदललं.

तटरक्षक दलाच्या विमानाने ते हेरलं आणि 'ताराबाई' या गस्ती जहाजाने पाठलाग धरला. इशारे दिले, पुढे गोळ्या टाकल्या, तरी थांबेना. शेवटी नौदलाची 'प्रहार' आली. चाच्यांनी जहाजाला आग लावून बुडवायचा प्रयत्न केला, पण आपल्या लोकांनी ते वाचवलं आणि मुंबईला ओढत आणलं. पंधरा इंडोनेशियन पकडले.

पुढचं दुःख आमच्या धंद्याचं. आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता. गुन्हा आपल्या हद्दीबाहेरचा, जहाज परदेशी, आरोपी परदेशी. दंडविधानाची कलमं जोडून खटला उभा केला. २००३ मध्ये मुंबईत शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयात सुटले. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२२ उजाडलं.

मिसळसम्राट

'ताराबाई'ने चाचे पळवून पळवून धरले. कोल्हापूरकरांना आज आनंदाचं भरतं आलं असेल.

रंकाळ्याकाठी

आलंच आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई या नावांचीही गस्ती जहाजं होती. आता पुण्याच्या नावाने एक काढा, दुपारी १ ते ४ गस्त बंद.

हर्णैचा_पोरगा

मी चाकणला कंपनीत आहे, घर हर्णैला. बाबा तांडेल (बोटीचे प्रमुख) होते, काका अजून जातात. तुम्ही सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलताय, मी खालच्या बाजूची सांगतो.

२६/११ ला 'कुबेर' नावाची मच्छीमारांचीच बोट पळवून ते लोक आले. त्याचे भोग आम्ही भोगले. २००९ पासून किनारी सुरक्षेची मोठी जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली, पोलीस आणि बाकी खात्यांशी समन्वयही त्यांच्याकडे. मग बायोमेट्रिक कार्डं आली, राज्याप्रमाणे बोटींना रंग आला, कागद आले. सुरक्षा हवीच, कोण नाही म्हणतंय. पण रात्री जाळं पाण्यात आहे, ओढायची वेळ झालीय, आणि एक बोट येऊन सर्चलाइट डोळ्यांवर मारते. इंजिन बंद करा, कार्डं काढा. कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तांडेलाच्या पेटीत, पेटीवर बर्फाचे खोके. तोवर जाळं वाहून पंख्यात अडकतं. नुकसान कोण देणार? बोट कुठल्या खात्याची होती ते इथे लिहीत नाही, काकांनी सांगितलंय उगाच नावं घेऊ नकोस.

आणि दुसरीकडे परप्रांतीय ट्रॉलर येऊन आमच्या दारातली मासळी साफ करून जातात. एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. रात्री हर्णैच्या बंदरावर उभे राहा, लांबवर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. तिथे कार्डं कोण तपासतंय?

सरळमार्गी

हेच मी म्हणतोय. इतके मालक आणि चोर मोकळे.

पांढरी_बोट

आता बसलो लिहायला.

हर्णैचा पोरगा, तुमच्या काकांचं बरोबर आहे. रात्री जाळं पाण्यात असताना तपासणी करणाऱ्याला थोडी कळ काढता यायला हवी. चांगला कमांडिंग ऑफिसर आधी लांबून वायरलेसवर विचारतो, जाळं बघतो, मग जवळ जातो. सगळे तसं करतात असं मी म्हणणार नाही.

पण एलईडीचं कुणाकडे हे समजून घ्या. १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याच्या मत्स्य विभागाचं, त्यांच्याकडे गस्ती बोटी मोजक्या. त्याबाहेर केंद्राचं. दिवेवाली बोट हे पक्कं जाणते. मत्स्य विभागाची बोट दिसली की बाहेर, आमचं जहाज दिसलं की आत. दिवे बंद केले की पुरावा संपला.

आता 'दुय्यम काम'. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' या जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलली. कंटेनर पत्त्यांसारखे घसरून पाण्यात, काहींमध्ये कीटकनाशकं, आणि टाक्यांतून तेल. बंदराची वाट काही दिवस बंद. मी त्या वेळी तिथल्या एका जहाजावर होतो. भर पावसाळा, वरून हेलिकॉप्टर तेल फोडणारं रसायन फवारतंय, खाली आम्ही. तेलाचा वास असा, की जेवणाच्या ताटात हात घातला तरी तोच. बूट तर फेकलेच. खारफुटीच्या मुळांना काळा लेप बसला होता, उरणपासून अलिबागकडे. समुद्रातल्या तेलगळतीचं काम देशात ज्यांच्या गळ्यात आहे ते हेच दल. या कामाला पदक नाही, बातमीत फोटो नाही. पण दुय्यम म्हणायचं असेल तर उरणच्या कोळणींना विचारून म्हणा.

सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेजवळ 'न्यू डायमंड' या टँकरला आग लागली, आत पावणेतीन लाख टनांच्या आसपास कच्चं तेल, कुवेतहून पारादीपला निघालेलं. आठवडाभर झुंज देऊन आग विझवली, टाक्या फुटू दिल्या नाहीत. त्यात आपली जहाजं पुढे होती. फुटल्या असत्या तर ते नाव लहान पोरालाही पाठ झालं असतं. विझली म्हणून कुणाला माहीत नाही.

चकलीची_भाजणी

पांढरी_बोट काका, शेवटची दोन वाक्यं आवडली. मला खरंच माहीत नव्हतं.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. इकडची व्यवस्था ऐकून तुम्हाला मजा वाटेल. इथलं कोस्टगार्ड १८२२ पासूनचं, पण किनाऱ्याजवळ बुडणाऱ्याला काढायला लाइफबोट घेऊन जाते ती आरएनएलआय नावाची धर्मादाय संस्था, १८२४ ची. चालक बहुतेक स्वयंसेवक. गावातला खाटीक, शिक्षक, प्लंबर. पेजर वाजला की काम टाकून धावतात. हेलिकॉप्टर कंत्राटदाराची. कोस्टगार्ड मुख्यतः फोन घेतं आणि कुणी जायचं ते ठरवतं. अमेरिकेत उलट. त्यांचं कोस्ट गार्ड १७९० च्या महसुली बोटींपासून सुरू झालं आणि ते पूर्ण सशस्त्र दल आहे. आपण मधलं काहीतरी निवडलंय असं दिसतं.

मिसळसम्राट

आपल्याकडे धर्मादाय लाइफबोट काढली तर आधी वर्गणी, मग अध्यक्षपदावरून फूट, मग दोन लाइफबोटी.

रंकाळ्याकाठी

आणि उद्घाटनाला ढोलपथक. बुडणारा वाट बघेल.

एक_आई

जरा वेगळा प्रश्न. दर सुट्टीत पुण्याची मुलं काशीद, मुरूड, दिवेआगरला बुडाल्याच्या बातम्या येतात. २०१६ मध्ये मुरूडला पुण्याच्या कॉलेजची सहल बुडाली ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. या दलाची माणसं प्रत्येक किनाऱ्यावर का नेमत नाहीत?

पांढरी_बोट

ताई, २०१६ च्या त्या दिवशी १ फेब्रुवारी होती, म्हणजे आमचा वर्धापनदिन. शोधाला दलाची माणसं आणि हेलिकॉप्टर गेली, पण तोवर उशीर झाला होता.

पुळणीवरचे जीवरक्षक स्थानिक प्रशासनाचे, ग्रामपंचायतीचे असतात. आमची जहाजं किनाऱ्याला चिकटून फिरत नाहीत, खोल पाणी लागतं. आपल्या राज्यात तळ मुंबई, डहाणू, मुरूड-जंजिरा, रत्नागिरी इथे. हेलिकॉप्टर उडून पोहोचेपर्यंत पोहणाऱ्याच्या हातात तेवढी मिनिटं नसतात. पहिला धावणारा नेहमी गावातला कोळीच. कोळी 'ओहोटी लागलीय, आत जाऊ नका' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, एवढं प्रत्येक पुणेकराने केलं तरी पुष्कळ.

बोटीवर असताना संकट आलं तर १५५४, हा तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक. किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर १०९३, सागरी पोलीस. फोनमध्ये आत्ताच टाका.

चीफइंजिनिअर_बाणेर

शोध-बचाव निघालाच आहे तर दुसऱ्या बाजूने लिहितो. मी मर्चंट नेव्हीतला, आता निवृत्त.

लोकांना वाटतं मदतीला फक्त सरकारी जहाज येतं. प्रत्यक्षात मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथे दलाची बचाव समन्वय केंद्रं आहेत. बोटीवरचं संकटयंत्र दाबलं की संदेश उपग्रहावरून खाली येतो आणि या केंद्राकडे जातो. केंद्र पहिल्यांदा बघतं की त्या जागेच्या जवळ कोण आहे. बहुतेक वेळा जवळ असतं एखादं मालवाहू जहाज. मग त्या कॅप्टनला निरोप: वाट सोडा, इकडे वळा. संकटातल्या माणसाकडे जाणं हे आंतरराष्ट्रीय नियमाने कॅप्टनचं कर्तव्यच असतं.

आमचं जहाज एकदा असंच वळवलं. गुजरातकडून खाली येत होतो. मुंबई केंद्राचा निरोप, मासेमारी बोट बुडाली, शेवटचं ठिकाण अमुक. वर डॉर्नियर विमान घिरट्या घालत होतं, आम्ही खाली वाढत्या चौकोनात फिरतोय. इंजिनरूममधून मीही वर आलो, कारण डोळे जितके जास्त तितकं बरं. तीन तास पाणीच पाणी. मग थर्ड मेटला निळं पिंप दिसलं. जवळ गेलो तर रिकाम्या पिंपांना जाळ्याच्या दोराने बांधून माणसं तरंगत होती. आमच्या जहाजाची बाजू पाण्यापासून तीन मजले उंच, लाटेत शिडी आपटतेय, त्यांच्या हातांत जोर नाही. दोराचा फास काखेतून घालून एकेकाला ओढलं. शेवटचा वर आला त्याने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, आत बिडीचं बंडल आणि काडेपेटी, दोन्ही कोरडी! आमचा कॅप्टन, एरवी डेकवर धूम्रपान म्हणजे फासावर देणारा माणूस, म्हणाला, आत नेऊन ओढू दे त्याला.

संध्याकाळी पांढरं जहाज आलं, माणसं त्यांच्याकडे सोपवली, आम्ही आमच्या वाटेला. सबंध दिवस हे सगळं एका खोलीतून कुणीतरी चालवत होतं. माझ्या मते तटरक्षक दलाचं खरं काम ते. भारताच्या वाट्याला आलेलं शोध-बचावाचं क्षेत्र ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, दलाची जहाजं दीडशेच्या आसपास. सगळीकडे स्वतः कसे पोहोचणार?

हर्णैचा_पोरगा

चीफसाहेब, ते संकटयंत्र काकांच्या बोटीवर पण आहे. आधीच्यात नुसता संदेश जायचा, पोचला की नाही कळायचं नाही. नव्यात उलटा निरोप येतो. बाबांच्या वेळी काहीच नव्हतं. २००९ च्या फयान वादळात आमच्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. आता वादळाआधी विमान बोटींवर घिरट्या घालून निघून जा सांगतं, मराठीत पण सांगतात.

मी वर तक्रार लिहिली ती लिहिलीच, मागे घेत नाही. पण वादळात तेच येतात हे पण खरं.

सरळमार्गी

तौक्ते वादळात बार्जवरच्या (कामगारांना राहायला असलेल्या सपाट जहाजावरच्या) १८० हून जास्त लोकांना तटरक्षक दलाने वाचवलं होतं ना? ते काम मोठंच होतं, मानलं.

चीफइंजिनिअर_बाणेर

मे २०२१ मध्ये बुडालेल्या त्या पी-३०५ बार्जवरची माणसं काढण्यात पुढाकार नौदलाचा, 'आयएनएस कोची' वगैरे. तटरक्षक दलाने त्याच वादळात 'गॅल कन्स्ट्रक्टर' बार्जवरून १३७ जण काढले, हेलिकॉप्टर आणि टगने. अशा वेळी पाटी कुणाची हे बघायला वेळ नसतो. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, २४ पैकी २१ तटरक्षक दलाने काढले, उरलेले तिघे नौदलाने.

जुनी_बखर

अवांतर: निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतलेलं 'बसरा स्टार' कुणी पाहिलंय? १३ खलाशी सुखरूप निघाले, जहाज वर्षानुवर्षं तिथेच होतं. पुण्याची मंडळी त्याच्यापुढे प्री-वेडिंग फोटो काढायची.

लक्ष्मी_रोड

माझ्या दिराने काढलेत. लग्न व्यवस्थित चाललंय.

जुनी_बखर

अजून एक अवांतर, मग थांबतो. कान्होजी आंग्रे आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तक मागायचे. नसेल तर जप्त. इंग्रज त्यांना चाचे म्हणायचे, कारण तोवर परवाने देण्याची मिरास पोर्तुगीज आणि इंग्रज आपली समजत होते. हद्द कुणाची आणि तपासणी कुणी करायची, हा वाद या पाण्याला तीनशे वर्षांचा आहे.

मिसळसम्राट

बखरकाकांचं 'थांबतो' आणि पीएमटीचं 'येतेय' सारखंच.

वारजेकर

मंडळी, अपेक्षेपेक्षा शंभरपट मिळालं. काल ताई-भावजींना चीफसाहेबांचा बिडीवाला प्रतिसाद वाचून दाखवला. भावजी गप्प, पण ताईचा आता वेगळाच मुद्दा. पोरबंदरजवळ हेलिकॉप्टर पडल्याच्या बातम्या तिने शोधून काढल्यात. म्हणते, हे तर नेव्हीपेक्षा धोक्याचं.

पांढरी_बोट

त्यांना लपवून काही सांगू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेलं हेलिकॉप्टर पोरबंदरजवळ समुद्रात पडलं, तिघे गेले. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर विमानतळावर दुसरं पडलं, पुन्हा तिघे. त्या जातीची हेलिकॉप्टर नंतर जमिनीवर ठेवली होती. लढाई नसली तरी खराब हवेत बाहेर पडणं हेच काम, कारण लोक खराब हवेतच बुडतात. आईने विचारायलाच हवं.

आता भरती. असिस्टंट कमांडंटला दलाची स्वतःची परीक्षा असते, मग प्राथमिक निवड, मग नोएडाला अंतिम निवड मंडळ, मग वैद्यकीय. प्रशिक्षण केरळात एझिमला इथे, नौदलाच्या अकादमीत, नौदलाच्या मुलांबरोबरच. तांत्रिक शाखेला मेकॅनिकल चालतं. त्या शाखेचं बरंचसं शिक्षण तुमच्या शेजारी लोणावळ्याला, आयएनएस शिवाजी या नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्रात. तेव्हा ताईंना सांगा, लेक डबा न्यायला येईल. मुलींसाठी कुठल्या शाखा उघड्या आहेत ते त्या त्या जाहिरातीत बघा. २०१७ पासून महिला अधिकारी हॉवरक्राफ्टवर गस्तीला आहेत. महिलांच्या कायम कमिशनचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने दलाला चांगलंच सुनावलं.

कायद्याचं_बोला

त्या सुनावण्या मी वाचल्यात. भाचीला सांगा, शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांपुरती नोकरी) आणि कायम कमिशन यातला फरक अर्ज भरतानाच समजून घे, दहा वर्षांनी नाही.

एक_आई

भाऊ नाविक भरतीची तयारी करतोय, अग्निवीर इथेही आहे का?

पांढरी_बोट

नाही. अग्निपथ योजना तिन्ही सैन्यदलांना, तटरक्षक दलाची नाविक आणि यांत्रिक भरती त्यात नाही.

सरळमार्गी

ठीक, वॉचमन शब्द खटकला असेल तर सोडून देतो. पण समन्वयाचा मुद्दा मी सोडणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीवर्धनला एके-४७ असलेली रिकामी नौका लागली. ओमानकडून वाहत वाहत आली, घातपात नव्हता, मान्य. पण किनाऱ्याला टेकेपर्यंत कुणी बघितली नाही? रडार आहेत, नौदल आहे, तटरक्षक आहे, पोलीस आहेत. चार जण राखायला असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

पांढरी_बोट

या एका मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. भर पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात छोटी नौका रडारवर दिसणं अवघड असतं हे खरं. तरी प्रश्न योग्य आहे.

वारजेकर

भाचीने धागा अख्खा वाचला. तिचा एकच प्रश्न आहे, तिला एसटीच्या घाटातसुद्धा मळमळतं. बोट लागते का सगळ्यांना?

चीफइंजिनिअर_बाणेर

पहिले काही दिवस बहुतेकांना. कोरडी बिस्किटं खायची, पोट रिकामं ठेवायचं नाही, नजर क्षितिजावर.

हर्णैचा_पोरगा

बिस्किटं कसली, काका सुका जवळा आणि भाकरी देतात. ओकायचं तर ओक म्हणतात, पण जाळं सोडू नको.

मिसळसम्राट

वारजेकर, ताम्हिणीतून एसटीने दोनदा नेऊन आणा. उतरल्यावर जी उभी राहील ती कमांडंट.

पांढरी_बोट

मला निवृत्त होईपर्यंत लागायची. पहिल्या दिवशी बादली जवळ ठेवायचो आणि ड्यूटी करायचो, माझ्या वरचे साहेबही तेच करायचे. यावरून कुणाला नापास करत नाहीत. डोळे मात्र आत्ताच तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा, मुलं तिथे अडकतात.